खालच्या पोरीची जट

परदेशात, टूनगॅबीला मुलाकडे आल्यापासून मला एका जागी बसवत नाही. सकाळी मुलगा आणि सून ट्रेनने वेस्टमीडला जातात. दोघंही हॉस्पिटलात, तो लॅबमध्ये आणि ती औषधांकडे. नात शाळेत जाते. मग घरात मी आणि फ्रिजचा आवाज. पोळ्या झाल्या की मी ओटा पुसते, पुसलेला ओटा परत पुसते, बाल्कनीत जाते, आत येते. सून म्हणते, "आई, जरा टीव्ही लावून बसा ना." चांगल्या मनानेच म्हणते. पण टीव्हीपुढे बसलं की माझे पाय हलायला लागतात आणि मी उठते.

खाली उतरायची भीती वाटायची. जिन्यात कुणी हसून काही विचारलं तर मला फक्त मान हलवता यायची. म्हणून कपडे वाळत घालायला मी अशी वेळ गाठायचे की मागच्या अंगणातल्या दोऱ्यांपाशी कुणी नसेल. एकदा तिथंच खालची भेटली.

खालची म्हणजे आमच्या बरोबर खालच्या घरातली बाई. पस्तिशीची असेल. डोक्याला घट्ट रुमाल, चेहरा गोल, हात कामाचे. जावा बेटावरची. तीही वेस्टमीडला, पण वॉर्डात साफसफाईच्या कामाला. तिथल्या पंजाबी बायकांकडून तिने हिंदी उचललेलं. माझं हिंदीही तसलंच, कोल्हापूरकडचं मोडकं. दोन मोडकी हिंदी एकमेकींना चांगली कळतात, हे मला त्या दिवशी समजलं.

तिने दोरीवरच्या माझ्या नऊवारीचं एक टोक धरलं आणि दुसरं टोक शोधत निघाली. सापडल्यावर हसायला लागली.

"बू, इतना लंबा? हमारा राजा लोग का कपड़ा भी इतना नहीं."

बू म्हणजे आई, हे मला नंतर कळलं. मी विचारलं, "कौन राजा?"

मग तिने सांगितलं. तिचं गाव दिएंगच्या पठारावर, ढगांच्याही वर. उन्हाळ्यातसुद्धा तिथं पहाटे गवतावर बर्फ धरतं. जमिनीतून वाफ येते, चिखल उकळतो. आणि बटाट्याच्या शेतांमध्ये दगडी देवळं उभी आहेत, इतक्या जुन्या राजांनी बांधलेली की त्यांची नावंही कुणाला माहीत नाहीत. लोकांनी मग देवळांना आपल्या मनाने नावं दिली. एक अर्जुनाचं, एक भीमाचं.

"भीमाचं?" मी म्हटलं. "पर तू तो मुसलमान ना?"

"हाँ. मंदिर को क्या मालूम?" ती म्हणाली. "राजा गया बू. अब आलू है."

त्या दिवशी मला इथे आल्यावर पहिल्यांदा मोठ्याने हसू आलं.

तिचा नवरा लांब पश्चिमेला खाणीवर होता. तीन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. तिची पाच वर्षांची मुलगी सकाळी बालवाडीत असायची आणि तिच्या आईची शिफ्ट सुटायच्या दोन तास आधी घरी यायची. ते दोन तास मी मागून घेतले. तिने विचारायच्या आधीच मी म्हटलं, मेरे पास रखो. मला कुणीतरी हवंच होतं.

पोर मला म्बाह म्हणायची, म्हणजे त्यांच्याकडे आजी. गुणी होती. पोहे खायची, कढीपत्ता वेगळा काढून ताटाच्या कडेला ओळीने लावायची. एकच गोष्ट विचित्र होती. डोक्यावरची लोकरीची टोपी ती कधी काढत नसे. आईला रुमाल, मुलीला टोपी, असेल त्यांच्याकडची रीत, असं मी मनाशी म्हणायचे.

नोव्हेंबरात, इथला उन्हाळा लागताना, एका दुपारी फार तापलं. पोरीने स्वतःच टोपी ओढून काढली आणि जमिनीवर टाकली.

तिच्या डोक्याला जट होती. एक नाही, पाच-सहा. मागच्या बाजूला दोऱ्या वळल्यासारख्या, करड्या पडलेल्या. पुढचे केस साधे, काळे, मऊ.

मी आत जाऊन नळ सोडला आणि नुसती उभी राहिले. मग नळ बंद केला. मग परत सोडला.

माझ्या आक्काला जट आली तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि मी नऊ. आधी तिला आठ दिवस ताप होता. उठली तेव्हा केस गुंतले होते आणि आई धुवायची सोडून रडत बसली. गल्लीतल्या बायका आल्या. त्यांनी जटेला हळदकुंकू लावलं, आक्काच्या पाया पडल्या. म्हणाल्या, ही आता देवीची, तुमची नाही. फणी लावायची नाही, कात्री लावायची नाही, लावली तर घर बसेल. दोन वर्षांनी तिला देवीला सोडलं. मंगळवार-शुक्रवार ती परडी घेऊन दारोदार जोगवा मागायला जायची. शाळेतून तिचं नाव काढलं. घरातलं तिचं काम माझ्याकडे आलं, म्हणून चौथीनंतर माझंही काढलं. आक्काचं पुढं काय झालं ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या मुलालाही नाही.

पोरीची आई कामावरून परत आली तेव्हा मी नातीला मध्ये घातलं. नात आठ वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीतून देते. मी म्हटलं, "विचार त्यांना, हे केस का कापत नाहीत?"

दोघी इंग्रजीत बोलल्या. नात वळून म्हणाली, "आजी, शी सेज ते त्यांचे नाहीत. ते जुन्या किंगचे आहेत. ॲन्सेस्टर. त्याने तिला दिलेत. म्हणून मम्मी-पप्पा कट करू शकत नाहीत."

खालची हसत मान डोलावत होती. तिला काही सांगितल्याचा अभिमान वाटत होता. माझ्या कानात मात्र गल्लीतल्या बायका. ही आता देवीची, तुमची नाही.

"आणि शाळा? हिची शाळा?" मी विचारलं.

नातीने खांदे उडवले. "शी स्टार्ट्स इन जॅन्युअरी, आय गेस."

आय गेस म्हणजे काय ते मला माहीत होतं. म्हणजे नक्की नाही.

मला झोप लागेना, जेवण जाईना. ओट्यापासून बाल्कनीपर्यंत माझ्या फेऱ्या वाढल्या. इतक्या शिकलेल्या देशात, हॉस्पिटलपासून तीन स्टेशनांवर, एका पोरीला राजाच्या नावाने सोडणार आणि मी वर बसून पोळ्या लाटणार? कुणाला सांगावं? सुनेला सांगितलं तर ती म्हणणार, आई, इट्स देअर कल्चर. मुलाला सांगायचं तर आक्कापासून सुरुवात करावी लागणार.

मग मी जे केलं ते असं. एका दुपारी खोबरेल तेल कोमट केलं आणि पोरीला पुढ्यात घेतलं. कानामागची सगळ्यात बारीक जट तेलात भिजवली. बोटांनी टोकाकडून एकेक केस सोडवायला लागले. पोरीला आवडलं. ती मांडीवर डोकं टाकून गाणी म्हणायची. मी चार दिवस रोज दोन तास तेवढंच केलं, आणि आई यायच्या आत टोपी परत घातली. त्या चार दिवसांत माझी बोटं कामात होती, पाय गप्प होते. पाचव्या दिवशी ती जट मोकळी झाली. करंगळीएवढी केसांची बट, सरळ. मला इतका आनंद झाला की मी पोरीला दोन लाडू दिले.

सहाव्या दिवशी पोर आली नाही. तिला ताप होता.

संध्याकाळी दार वाजलं. दारात खालची उभी होती, रुमाल घाईत बांधलेला. तिने आरडाओरड केली नाही. केली असती तर बरं झालं असतं. ती हिंदी सोडून इंग्रजीत बोलायला लागली, म्हणून नातीला बोलवावं लागलं. सून अजून यायची होती.

"आजी, तू तिच्या हेअरला काही केलंस?"

"हो."

नातीने सांगायची गरज नव्हती, माझं हो खालचीला कळलं. तिने डोळे मिटून घेतले. मग ती बरंच बोलली, आणि नात अडखळत सांगत गेली. दिएंगला अशा मुलांना आधी ताप येतो, मग केस वळतात. ती मुलं इतरांसारखीच खेळतात, शाळेत जातात. त्यांना कुणी सोडत नाही. एक दिवस मूल स्वतःच म्हणतं, माझे केस काढा. आणि म्हणतं, मला अमुक हवं. कुणी बकरी मागतं, कुणी सायकल, कुणी तळलेली दोन अंडी. जे मागेल ते अगदी तस्संच द्यायचं. मग गावातला म्हातारा केस कापतो, सगळे जेवतात, झालं. पण मागणं मुलाच्या तोंडून आलं पाहिजे. त्याआधी कुणी हात लावला तर मूल आजारी पडतं आणि केस परत येतात.

"ती म्हणतेय," नात हळूच म्हणाली, "की तिची मुलगी विचारणार होती. तू तिचं आस्किंग घेतलंस."

खालची दारातच उभी होती, आत येत नव्हती.

"क्यों बू?" ती म्हणाली. शेवटी हिंदीतच. "क्यों किया?"

मला उत्तर हिंदीत येत नव्हतं. आणि मराठीत द्यायचं तर समोर आठ वर्षांची पोर होती. पण खालची जायला वळली, तेव्हा मी नातीचा हात धरला.

"सांग त्यांना. माझ्या मोठ्या बहिणीला अशीच जट होती."

"यू हॅड अ सिस्टर?" नात म्हणाली.

"सांग आधी. तिला देवीला सोडलं."

"व्हॉट डज दॅट मीन, सोडलं?"

मी म्हटलं, "म्हणजे लोक म्हणाले, ही आता कुणाची नाही. मग तिला शाळेतून काढलं. तिला भीक मागायला लावली. आणि माणसं तिच्याशी वाईट वागली. पुष्कळ माणसं. तिला नाही म्हणता येत नव्हतं."

नातीने माझ्याकडे पाहिलं आणि तेवढंच इंग्रजीत सांगितलं, एकेक शब्द जपून. खालचीचा हात तोंडावर गेला.

"मग?" नातीने विचारलं, ह्या वेळी मराठीत.

"मग ती पंचेचाळीसची होऊन मेली. जट गुडघ्यापर्यंत आली होती. तशीच जाळली."

खालचीने सैल झालेला रुमाल घट्ट केला. मग म्हणाली, "मेरी बेटी वैसी नहीं, बू." आणि खाली गेली.

पोरीचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. बालवाडीतल्या अर्ध्या मुलांना तोच ताप होता, असं सुनेने सांगितलं. पण पोर वर आली नाही. दोन आठवडे आली नाही. कुठल्यातरी पंजाबी बाईकडे राहायची म्हणे. मी बाल्कनीतून खाली बघायचे, टोपी दिसली की मागे सरायचे. मुलगा मला विचारायला लागला, "आई, तुला इथं करमत नाही का? तिकीट काढू का?" नातीने त्याला काय सांगितलं होतं देव जाणे. तो आक्काबद्दल काही विचारायचा नाही, पण रोज घरी आल्यावर माझ्याजवळ थोडा वेळ बसायचा. मी तिकिटाला हो म्हणायचे आणि पाठोपाठ नको म्हणायचे.

डिसेंबर लागला आणि खालची एकदम वर आली. ह्या वेळी ती आत आली, खुर्चीवर बसली. चिडलेलीच होती, पण वेगळी.

"मांगा," ती म्हणाली. "बेटी ने मांगा."

माझा जीव भांड्यात पडला. "क्या मांगा? बकरी?"

"मैं बोली बकरी मांग! साइकिल मांग! मेरा भाई ने अंडा मांगा था, कितना आसान!" तिने दोन्ही हात कपाळावर मारून घेतले. "बोलती है, म्बाह. म्बाह मेरे साथ स्कूल में बैठेगी. क्लास में. तब काटो."

जानेवारीत सुरू होणाऱ्या शाळेने नव्या मुलांना डिसेंबरात तीन सकाळी बोलावलं होतं, वर्गाची सवय व्हावी म्हणून. पोर घाबरली होती. तिला तिथे मी शेजारी हवी होते.

"नाही," मी म्हटलं. "नहीं, नहीं. मैं नहीं. तू बैठ."

"मुझे नहीं मांगा."

"मला इंग्रजी येत नाही. मेरे को कुछ नहीं आता. सब देखेंगे."

"हाँ, देखेंगे," खालची म्हणाली. मग जरा थांबून, "पूरा नहीं दिया तो बाल वापस आता है, बू."

मी असल्या गोष्टी मानत नाही. आक्कानंतर मी काहीच मानलेलं नाही. पण जट परत येते म्हटल्यावर माझ्या तोंडून हो निघून गेलं.

सुनेला सांगितलं तर ती आधी हसत सुटली, मग तिनेच शाळेला ईमेल केला. काय लिहिलं माहीत नाही. शाळा म्हणाली, नो वरीज.

पहिल्या सकाळी मी दोनदा लुगडं बदललं. खालची आम्हाला फाटकापर्यंत सोडून शिफ्टला पळाली. वर्गातल्या खुर्च्या माझ्या गुडघ्याइतक्या उंच. बाई तरुण होती, अर्धी चड्डी घातलेली, गळ्यात शिट्टी. तिने सगळ्यांच्या छातीवर नावाचे कागद चिकटवले, माझ्याही. मग सगळी मुलं सतरंजीवर बसली. मीही बसले. मांडी घालून बसणारी मोठी बाई त्यांनी पाहिली नसावी, एकेक जण माझ्या पायांकडे बघत होता. पोरीने माझ्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. डोक्यावर टोपी.

प्रत्येकाने नाव सांगायचं आणि आवडती वस्तू. डायनोसॉर, आइस्क्रीम, कुत्रा. माझी पाळी येऊ नये म्हणून मी मान खाली घातली, पण बाईने प्रेमाने माझ्याकडेच बोट केलं. पंचवीस पोरं माझ्याकडे वळली. शेवटी मी माझं नाव सांगितलं आणि म्हटलं, "टी."

शेजारच्या मुलाने पोरीला काहीतरी विचारलं. तिने उत्तर दिलं आणि बाई हसून तोंड लपवायला लागली. वाक्यातलं मला फक्त गोट कळलं. नातीने घरी विचारून सांगितलं. त्याने विचारलं होतं, ही तुझी आजी आहे का? आणि ती म्हणाली होती, नाही, बकरीच्या ऐवजी मला ही मिळाली.

दुसऱ्या सकाळी मुठीत पदर होता पण ढिला. तिसऱ्या सकाळी ती वाळूत खेळायला गेली आणि दीड तास माझ्याकडे फिरकली नाही. मी त्या छोट्या खुर्चीवर तेवढा वेळ बसून राहिले, उठावंसं वाटत असून. उठले आणि तिने पाहिलं तर मागणं अर्धवट राहायचं.

फाटकाशी आईने गुडघ्यावर बसून तिला त्यांच्या भाषेत काही विचारलं. पोरीने टोपी काढून आईच्या हातात दिली.

नाताळच्या सुट्टीत ते तिघं दिएंगला गेले. फोनवर मला चित्र आलं, हलतं. धुकं, काळं दगडी देऊळ, पांढऱ्या कापडात बसवलेली पोर. एक म्हातारा कात्रीने एकेक जट कापून वाटीतल्या फुलांत ठेवत होता. मागून कुणीतरी गात होतं. मी सोडवलेली बट त्याने हातात घेतली, जरा पाहिली, आणि तीही कापली. केस पुढे नदीत सोडले, असं खालचीने लिहिलं. मी ते चित्र नातीच्या शेजारी बसून पाहिलं, मग एकटीने तीनदा.

आता शाळा सुरू होऊन महिना झाला. पोरीचे केस बोटभर वाढलेत, साळिंदरासारखे. शाळेतून आली की ती दप्तर टाकते, पोहे मागते आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवते. मी तेल लावते. तेल लावायचं निमित्त. खरं तर माझी बोटं कानामागे, मानेवर, टाळूवर गुंता शोधत असतात. तीनही सकाळी मी पूर्ण बसले होते ना? पहिल्या दिवशी मध्येच पाणी प्यायला उठले होते, ते चालतं का? कुणाला विचारू? आता हिला ताप आला की मी आधी कानामागे बघते.

परवा खालची लवकर आली. दार उघडंच होतं. मी हात मागे घेतला.

तिने चपला काढल्या, माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि मुलीचं डोकं जरा माझ्या बाजूला वळवलं.

"इधर भी देखो बू," ती म्हणाली. "मैं सुबह देखती हूँ. तुम शाम को देखो."